कुदळ न लावता भाजीपाला: पाऊस थांबेना, ऊन येईना, गोगलगायी मात्र जोरात

मेथीची_जुडी
१६ जून २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मँचेस्टरच्या दक्षिणेला राहते. पाच वर्षं यादीत ताटकळल्यावर गेल्या हिवाळ्यात अलॉटमेंट मिळाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अलॉटमेंट म्हणजे वर्षाच्या भाड्यानं मिळणारा भाजीपाल्याचा तुकडा. अजूनही रॉड या जुन्या मापात मोजतात. पूर्ण तुकडा दहा रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. मला अर्धा मिळालाय. दोन वर्षं कुणी हात न लावलेला, गुडघाभर गवत, आणि खाली चिकणमाती अशी की पाय बाहेर येतो आणि बूट आतच राहतो.

कंबरेचं दुखणं जुनं, म्हणून न खणता करायचं ठरवलं. मार्चमध्ये गवत कापलं, वर पुठ्ठे अंथरले, भिजवले, त्यावर कंपोस्ट. १.२ बाय २.४ मीटरचे पाच वाफे. पहिल्या वर्षी कंपोस्टचा थर १५ सेंटिमीटर हवा म्हणतात. हिशोब केला तर दोन घनमीटरच्या वर गेलं की! खिशाला झेपेना, म्हणून ५ सेंटिमीटरवर भागवलं आणि वर जाडजूड पेंढा पसरला, एका व्हिडिओत बघितलं होतं तसा. कडेनं जुन्या फळ्या. इतकं देखणं दिसत होतं की फोटो काढून आईला पाठवले.

आता जून अर्धा सरला. रात्री ७-८ डिग्री, दुपारी कसेबसे १५. लेट्यूसची २४ रोपं लावली, ३ उरली. फरसबी दोनदा पेरली, दोनदा गेली. कुर्जेट (झुकिनी) पिवळं पडून रुसून बसलंय. मेथी छान उगवली होती, दोन पानांवर आली, आणि एका रात्रीत नुसत्या काड्या. सगळा प्रताप बिनशंखाच्या गोगलगायींचा. पेंढा उचलला की खाली संमेलन भरलेलं.

त्यात बाबा आलेत साताऱ्याहून. ते रोज एकच विचारतात, "अगं, रान नांगरून तापू दिलं नाही तर पिकायचं कसं?" माझ्याकडे उत्तर नाही. सप्टेंबरमध्ये सरळ सगळं खणून टाकू का?

---

नांगरधारी
१६ जून, रात्री ११:१२

बाबांना माझा दंडवत. हजारो वर्षं माणूस नांगरतोय ते काय उगाच? पुठ्ठ्यावर भाजी पिकत असती तर रद्दीवाले बागायतदार झाले असते.

---

बिनकुदळ्या
१७ जून, सकाळी ७:०५

मी ग्लासगोला. नऊ वर्षं न खणता करतोय, आणि पावसाचं म्हणाल तर मँचेस्टरकरांनी आमच्यापुढं तक्रार करू नये :)

मेथीताई, तुमचं न खणणं चुकलेलं नाही, पेंढा चुकलाय. पेंढ्याचं, गवताचं आच्छादन हे कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखातलं औषध आहे. तिथं ओल टिकवायची असते. आपल्याकडं ओल जाता जात नाही. वर पेंढा घातला म्हणजे गोगलगायींना गादी, पांघरूण आणि शेजारी जेवणाचं ताट. सॉमरसेटमधले चार्ल्स डाउडिंग १९८० च्या दशकापासून न खणता भाज्या करतात, आणि ते आच्छादन म्हणून कंपोस्टच वापरतात. कुजून भुसभुशीत झालेल्या कंपोस्टात गोगलगायीला लपायला सांदी सापडत नाही. फळ्यांचंही तेच. वाफ्याची कड आणि फळी यांच्यामधली बोटभर फट म्हणजे त्यांची धर्मशाळा.

यंदा त्यांचं पीक एवढं का आलं, तेही बघा. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे अठरा महिने इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींमधले सर्वांत पावसाळी ठरले. वरून हिवाळा सौम्य, आणि मे महिना तर ब्रिटनच्या नोंदींमधला सर्वांत उबदार. आपल्याला तो उबदार वाटला नाही, कारण रात्री उबदार होत्या, दिवस ढगाळच. गोगलगायीला याहून काय पाहिजे? शेजारच्या खणलेल्या तुकड्यावर जाऊन विचारा, त्यांचंही लेट्यूस गेलेलं असणार.

आता करायचं काय:

पेंढा सगळा उचलून कंपोस्टच्या ढिगात टाका. फळ्या काढा. एकच फळी ठेवा, वाफ्याच्या बाहेर, पालथी. सकाळी उलटायची आणि खाली जमलेल्या गोळा करायच्या. अंधार पडल्यावर तासाभरानं टॉर्च घेऊन फेरी मारा. सलग आठ दिवस, एक दिवसही चुकवू नका. रोपांची जमिनीला टेकलेली पिवळी पानं खुडत जा.

थेट पेरणी यंदा विसरा. ट्रेमध्ये घरात रोपं वाढवा, चांगली दणकट झाली की मगच बाहेर. बीट एका खणात चार-चार, पातीचा कांदा सहा-सहा. झुबक्यानंच लावायचे. एखादं खाल्लं गेलं तरी तीन राहतात.

आणि गोगलगायींना मारणाऱ्या सूत्रकृमी (अगदी बारीक जंत) मिळतात पाकिटात, पाण्यात कालवून झारीनं द्यायच्या. माती ५ डिग्रीच्या वर हवी आणि ओली हवी. ओलीची चिंता तुम्हाला नाही. साधारण सहा आठवडे असर राहतो. स्वस्त नाहीत, म्हणून फक्त कोवळ्या रोपांच्या वाफ्यांना.

---

उगवतीचा_तारा
१७ जून, सकाळी ९:३०

अंड्याची टरफलं चुरून टाका ना भोवती! माझी सासू तांब्याची पट्टी पण लावते कुंड्यांना.

---

बिनकुदळ्या
१७ जून, सकाळी ९:५२

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०१८ मध्ये लेट्यूसवरच हे तपासलं: तांब्याची पट्टी, खडी, पाइनची साल, लोकरीच्या गोळ्या, अंड्याची टरफलं. एकाचाही उपयोग दिसला नाही. टरफलं ढिगात टाका, सासूबाईंना काही बोलू नका.

---

लातूरची_माती
१७ जून, दुपारी १२:२०

गोगलगायीचं दुःख आम्हाला सांगा. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायीनं सोयाबीन असं खाल्लं की लोकांना दुबार-तिबार पेरणी करावी लागली. रात्री शेतात कुरुकुरु आवाज यायचा, खोटं नाही. आम्ही गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून बांधावर टाकायचो. पहाटे पोत्याखाली ढीग. मग मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात. बाकी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या होत्याच. तुमच्याकडं मिळत नाहीत का?

---

बिनकुदळ्या
१७ जून, दुपारी १:०४

इथं मेटाल्डिहाइडला मार्च २०२२ अखेरपासून बाहेर वापरायला बंदी आहे, पक्षी आणि साळिंदरासारखा तो छोटा हेजहॉग यांच्यापायी. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, अगदी विरळ टाकायच्या. गुळाचं गोणपाट मात्र नामी! माझी फळी आणि तुमचं पोतं, तत्त्व एकच.

एक सांगायचं राहिलं. बिबट्यासारखे ठिपके असलेली लांबलचक गोगलगाय दिसली तर मारू नका. ती कुजकं-मुजकं आणि बुरशी खाते, दुसऱ्या गोगलगायींनाही सोडत नाही. इथं बिनशंखी गोगलगायींच्या साधारण ४४ जाती सांगतात आणि त्यातल्या नऊच बागेतली रोपं खातात.

---

नांगरधारी
१७ जून, दुपारी २:४०

म्हणजे आता गोगलगायीचं आधार कार्ड बघून मारायची. मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी देईना: बाबा म्हणतात ते चूक की बरोबर?

---

खाडीकाठ
१७ जून, सायंकाळी ६:१५

गुहागरहून. बाबा बरोबरच आहेत, त्यांच्या रानासाठी. उन्हाळी नांगरट कशासाठी करतात? एप्रिल-मेच्या उन्हात ढेकळं तापून किडींचे कोष, तणांच्या गाठी मरतात, आणि पहिल्या पावसात तीच ढेकळं विरघळून माती मऊ होते. पण त्यासाठी चाळीस डिग्रीचं ऊन लागतं. मँचेस्टरला माती उलटून ती कुठल्या उन्हात तापवायची?

दुसरं, नांगर सोडणं हे काही विलायती खूळ नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांचं सगुणा राइस तंत्र बघा. भात लावणीसाठी चिखलणी नाही, नांगरणी नाही. एकदा गादीवाफे करायचे आणि तेच पुढं वापरत राहायचे. कापणी झाली की बुंधे-मुळं मातीतच ठेवायची. ती कुजली की तिथं नळ्या तयार होतात, त्यातून हवा-पाणी खेळतं. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकरही विना नांगरणी उसाबद्दल वर्षानुवर्षं सांगतायत. मेथीताई, तुम्हीही रोपं उपटू नका, जमिनीलगत कापा.

आमच्याकडं परसात पावसाळी भाजी नेहमी उंचवट्यावर, आणि पातेरा (वाळका पालापाचोळा) घालतो तो पाऊस ओसरल्यावर. मुसळधारेत पातेरा घातला की खाली वाळवी नाहीतर गोगलगाय.

---

मेथीची_जुडी
१७ जून, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. खाडीकाठ, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "वाफसा कधी येतो इथं?"

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी: जमिनीत ओल आणि हवा दोन्ही नेमकी असतात ती अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टिचकी मारली तर फुटावा. मी म्हटलं, बाबा, मी फेब्रुवारीपासून बघतेय, एक दिवस आलेला नाही. तर म्हणाले, "मग खणायचा विषयच नाही. वाफसा नसताना रानात औत घालणाऱ्याला आमच्यात येडा म्हणतात."

एवढं म्हणूनही त्यांना एक वाफा खणून बघायचाय! पाचव्यातला अर्धा दिलाय.

---

सटाण्याचा_कांदा
१८ जून, सकाळी ८:११

धागा वाचनखुणेत. बाबांना सलाम.

---

मेथीची_जुडी
७ जुलै, रात्री ११:२०

अपडेट. पेंढा हलवला, फळ्या काढल्या. एक घनमीटर कंपोस्ट आणखी मागवलं, नवऱ्याला किंमत सांगितलेली नाही. रात्रीच्या फेरीचं खातं बाबांकडं. रेनकोट, डोक्याला टॉर्च, हातात आइस्क्रीमचा डबा आणि खिशात वही. पहिल्या रात्री २१२. दुसऱ्या रात्री १६०. पाचव्या रात्री ७१. दहाव्या रात्री २३. शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा रोज येऊन विचारतात, "हाउ मेनी, मिस्टर?" आणि बाबा बोटांनी सांगतात. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण रोज अर्धा तास बोलतात.

लेट्यूस दुसऱ्यांदा लावलं, दणकट रोपं करून. १८ पैकी १६ उभी आहेत. वाटाण्याला शेंगा धरल्यात, बाकला (ब्रॉड बीन) तर जोरात. कोथिंबीर अजून फुलावर गेली नाही. थंडीचा हा एक फायदा. कुर्जेट अजून रुसलेलंच.

खणलेल्या अर्ध्या वाफ्याचं: बाबांनी चिकणमाती उलटली, ती दोन दिवसांत लादीसारखी झाली. पुढच्या सरीनं वर पापुद्रा धरला. त्यांनी हातानं ढेकळं फोडली आणि बीट लावलं. त्याच दिवशी त्याच ट्रेमधलं बीट बाकीच्या अर्ध्यात मी लावलंय. बघू.

---

समुद्रमेथी
८ जुलै, सकाळी ७:४०

मेथीसाठी उपाय: मुंबईत वाळूत पेरून बोटभर वाढवून विकतात तशी करा. उथळ ट्रेमध्ये दाट पेरायची, खिडकीत ठेवायची, दोन-तीन आठवड्यांत कापायची. गोगलगाय काही खिडकीत चढत नाही. (चढली तर कळवा.)

---

लेस्टरचा_चिवडा
८ जुलै, सकाळी १०:२५

जरा वेगळा विषय. मी पण यंदा न खणता सुरू केलंय, कंपोस्ट महाग म्हणून एका तबेल्यातून घोड्याचं शेणखत आणलं. फुकट होतं. टोमॅटोची आणि घेवड्याची शेंड्याची पानं नेच्यासारखी गुंडाळली जातायत, अरुंद होतायत. पाऊस जास्त झाल्यामुळं का?

---

बिनकुदळ्या
८ जुलै, सकाळी ११:१०

पाऊस नाही हो. हे बहुतेक अमिनोपायरॅलिड. कुरणातलं रुंद पानांचं तण मारायला फवारतात. घोडा ते गवत खातो, त्याला काही होत नाही, औषध लिदेतून जसंच्या तसं बाहेर येतं आणि खतात टिकतं. टोमॅटो, वाटाणा, घेवडा, बटाटा यांना लगेच बाधतं. मका आणि गवतवर्गीयांना नाही. खत उचलता आलं तर उचला, नाहीतर मातीत मिसळून वर्षभर जाऊ द्या. मातीतले जीवाणू त्याला हळूहळू फोडतात. (होय, नांगरधारी, इथं मीच मातीत मिसळा म्हणतोय.)

पुढच्या वेळी आधी चाचणी करा: तीन कुंड्यांत ते खत, तीन कुंड्यांत भरवशाची माती, दोन्हीकडं घेवडा पेरायचा. तीन-चार आठवड्यांत कळतं.

---

नांगरधारी
८ जुलै, सकाळी ११:३३

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

---

डब्लिनची_दुपार
२१ जुलै, रात्री ९:०२

मी डब्लिनला, हवामानखात्याचा ब्लाइटचा (करप्याचा) इशारा बघून बागेत धावणाऱ्यांपैकी. मेथीताई, बटाटे-टोमॅटो उघड्यावर असतील तर आता रोज पानं बघा. करपा यायचं गणित सोपं आहे: सलग दोन दिवस किमान तापमान १० डिग्री किंवा वर, आणि दोन्ही दिवशी किमान सहा-सहा तास हवेतली आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त. याला हटन निकष म्हणतात. यंदाच्या जुलैत हे किती वेळा जुळलं असेल ते मोजत बसू नका.

पानांवर तपकिरी डाग आणि मागच्या बाजूला पांढरट बुरशी दिसली की बटाट्याचे वेल जमिनीलगत कापून टाका. पण बटाटे लगेच काढू नका! दोन-तीन आठवडे तसेच राहू द्या. साल पक्की होते आणि वरच्या थरातले बीजाणू मरतात. न खणता लावलेले बटाटे उथळ असतात, त्यामुळं पावसानं कंपोस्ट धुपून बटाटा उघडा पडला की हिरवाही होतो आणि करपाही गाठतो. वर थोडं कंपोस्ट ओढा. कुजलेले बटाटे ढिगात टाकू नका, रोग जिवंत बटाट्यातच हिवाळा काढतो. पुढच्या वर्षी सार्पो मिरा जातीचा बटाटा लावा. चवीला बरा, पण करप्याला दाद देत नाही.

---

मेथीची_जुडी
६ ऑगस्ट, रात्री १०:१५

डब्लिन, तुमच्या तोंडात साखर घालू की मीठ? आला करपा. टोमॅटोची आठ रोपं दोन दिवसांत काळी. बटाट्याचे वेल त्याच संध्याकाळी कापले. आता तीन आठवडे वाट बघणं आहे, आणि बाबांना वाट बघणं जमत नाही. दिवसातून दोनदा बोटानं उकरून बघतात.

कंपोस्टचा ढीगही गार आणि चिकट झालाय, वास येतोय.

---

खाडीकाठ
७ ऑगस्ट, सकाळी ६:५०

पाणी झालंय आणि हवा कमी. वर झाकण घाला, ताडपत्री किंवा जुना गालिचा. ओल्या गवताच्या प्रत्येक बादलीला बादलीभर फाडलेला पुठ्ठा, बारीक काटक्या. चुरगळून टाका, सपाट अंथरू नका.

---

मेथीची_जुडी
१३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं, म्हणून शेवटचा हिशोब.

हवामानखात्यानं यंदाचा उन्हाळा ब्रिटनमधला २०१५ नंतरचा सर्वांत गार म्हणून जाहीर केला. सरासरी १४.३७ डिग्री. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "याला तुम्ही उन्हाळा म्हणता हाच मूळ घोळ."

फरसबी एकूण दोन वाट्या. कुर्जेट सात. ऑगस्टमध्ये मधेच चार दिवस ऊन पडलं तेवढ्यात आली. मका लावला होता हे विसरून जावं अशी मंडळींना विनंती. याउलट वाटाणा, बाकला, चार्ड, केल, लीक, कोथिंबीर, मुळा यांनी घर भरलं. बटाटे ११ किलो, त्यातले दीड किलो टाकून द्यावे लागले. उकरताना कुदळ लागलीच नाही, कंपोस्ट बाजूला सारलं की हाताला येत होते.

ऑगस्टअखेरीस लिलियन वादळ झालं तेव्हा आमच्या रांगेत यंत्रानं खणलेल्या दोन तुकड्यांवर दोन दिवस पाणी तुंबलं होतं. माझ्या वाफ्यांवर नव्हतं. वाटेवर मात्र होतं, आणि मी त्यात घसरून पडले.

पाचवा वाफा: बीट दोन्हीकडं जवळपास सारखंच आलं. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठं बीट बाबांच्या अर्ध्यातलं होतं, आणि ते त्यांनी शेजारच्या आजोबांना नेऊन दाखवलं. पण त्या अर्ध्यात तण सहा वेळा काढावं लागलं, माझ्यात दोनदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाफ्यात बाइंडवीड (आपल्या हरणखुरीची बहीण) पुठ्ठा फोडून वर आलंच. तिथं पुठ्ठा एकेरी होता आणि कडा नीट एकमेकांवर घेतल्या नव्हत्या. आता दर आठवड्याला खुरप्यानं वरच्यावर कापतेय.

यंदा शरदात सगळ्या वाफ्यांवर ३-४ सेंटिमीटर कंपोस्ट, पेंढा अजिबात नाही. लसूण पुढच्या आठवड्यात. बाबा गेल्या महिन्यात साताऱ्याला परतले. वही इथंच राहिली आहे, एकूण आकडा ३,०४६.

---

नांगरधारी
१३ ऑक्टोबर, रात्री १०:०१

मोठं बीट कुणाच्या अर्ध्यात आलं ते परत एकदा लिहा पाहू?

---

उगवतीचा_तारा
१४ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

करप्यात गेलेल्या टोमॅटोंचं काय केलंत? आमचे पण गेले, हिरवे बरेच उरलेत.

---

मेथीची_जुडी
१४ ऑक्टोबर, दुपारी १:२०

डाग पडलेले टाकून दिले. अगदी स्वच्छ हिरव्यांची चटणी. तेलात जिरं, लसणाच्या सात-आठ पाकळ्या आणि हिरव्या मिरच्या परतायच्या, टोमॅटोचे काप घालून पाणी आटेपर्यंत झाकण न ठेवता शिजवायचे. भाजलेले तीळ, मूठभर शेंगदाण्याचा कूट, मीठ, सुपारीएवढा गूळ, आणि खलबत्त्यात जाडसर. मिक्सरला लावू नका, पांचट होते. कोथिंबीर सढळ. ती आमच्याकडं अजून आहे, कुणी जवळपास असेल तर घेऊन जा.

---

बिनकुदळ्या
१४ ऑक्टोबर, दुपारी १:४१

ग्लासगो जवळपासमध्ये धरता का?

---

मेथीची_जुडी
१४ ऑक्टोबर, दुपारी १:५८

येताना पुठ्ठे घेऊन या. टेप काढून.